सून, स्नोखा, नुओरा

लग्न होऊन मी हिंगोलीला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर सासऱ्यांनी मला समोरच्या खोलीत बोलावलं. तिथं त्यांचे मित्र बसले होते, सगळे निवृत्त मास्तर. मी डोक्यावरचा पदर सावरत दाराशी उभी राहिले. सासरे म्हणाले, "सूनबाई, तुम्ही इंग्रजी घेऊन बी. ए. झालात. सांगा बरं, सून हा शब्द कुठून आला?"

"माहीत न्हाई, मामा."

त्यांनी मित्रांकडं पाहिलं. "बघा. पदवीधर हाय." मग खुर्चीत मागं रेलून त्यांनीच सांगायला सुरुवात केली. संस्कृतात स्नुषा, त्यावरून आपली सून. लॅटिनमध्ये नुरुस, त्याची इटालियनमध्ये नुओरा झाली, स्पॅनिशमध्ये नुएरा. रशियन लोक सुनेला स्नोखा म्हणतात. जुन्या जर्मनमध्ये श्नूर होती. इंग्रजांकडेही एके काळी स्नोरु होती, पण त्यांनी ती टाकून दिली आणि तिच्या जागी कायद्यानं झालेली मुलगी आणली, डॉटर-इन-लॉ. "म्हणून त्यांची घरं टिकत न्हाईत," ते म्हणाले. मास्तर मंडळी हसली. मला आत जायला सांगितलं.

त्या दिवशी माझा अपमान झाला हे मला कळलं होतं. पण आत येऊन मोरीजवळ उभी राहिले तेव्हा अंगावर काटा आला होता तो त्या अपमानाचा नव्हता. दोन दिवस घरातला जो तो मला ज्या शब्दानं हाक मारत होता, त्या शब्दाच्या सख्ख्या बहिणी रोममध्ये आणि मॉस्कोत होत्या. इतकं सुंदर काही मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. ते मला या माणसाच्या तोंडून कळावं, याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

सासरे हैदराबादेत शिकलेले. निजामाच्या राज्यात उर्दूतून मॅट्रिक झाले, आणि राज्य गेल्यावर ती उर्दू कुठल्याच नोकरीला उपयोगाची राहिली नाही. मग इंग्रजीच्या मागं लागले आणि उभा जन्म हायस्कुलात इंग्रजी शिकवली. हैदराबादच्या रस्त्यावर जुनी पुस्तकं विकायला बसतात, तिथून त्यांनी इंग्रजी शब्दांच्या मुळांचा एक जाडजूड कोश आणला होता, दोन खंडांचा. जर्मन, लॅटिन ते त्यातूनच शिकले. हे सगळं करायला जिद्द लागते, ते मी नाकारत नाही. पण त्या माणसानं एकही शब्द कुणाला आनंदानं दिला नाही. जो दिला तो अंगावर फेकून दिला.

एकदा मी आणि सासूबाई भाकरी करत होतो. सासऱ्यांना मी मामा म्हणायची, सासूबाईंना आत्या. त्या थापत होत्या, मी पीठ मळत होते. मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"लेडी म्हणजे काय, ठाऊक हाय का? जुन्या इंग्रजीत ह्लाफडिग. ह्लाफ म्हणजे भाकर, डिग म्हणजे मळणारी. त्या डिगचा आणि आपल्या देह शब्दाचा धातू एकच, मळून आकार देणं. म्हणजे तुमी आत्ता जे करून राहिल्या, तेच लेडीचं खरं काम."

मी विचारलं, "मग लॉर्ड म्हणजे?"

"ह्लाफवर्ड. भाकरीचा राखणदार."

"म्हणजे मळायची एकीनं आणि राखायची दुसऱ्यानं."

त्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली. "आणि भाकर खाणाऱ्यालाही शब्द होता," ते म्हणाले. "ह्लाफएटा. अर्थ नोकर. दुसऱ्याची भाकर खातो तो." एवढं बोलून ते गेले. आत्यांनी तव्यावरची भाकर उलटली आणि हळूच म्हणाल्या, "कशाला लागतीस त्यांच्या नादी. मी कधी लागले न्हाई."

दुपारी मामा झोपले की मी कोश काढून वाचायची. काचेच्या कपाटात होता, कपाटाला कुलूप नव्हतं. क्वीन आधी राणी नव्हतीच, साधी बाई होती. स्वीडिश लोक आजही बाईला क्विना म्हणतात. आणि त्याच शब्दाच्या दुसऱ्या रूपाचा इंग्रजीत बाजारबसवी असा अर्थ झाला. नाइट म्हणजे घोड्यावरचा सरदार, पण त्याचा जर्मन भाऊ क्नेख्ट शेतावर गडी म्हणून राबतच राहिला. एकाच घरातले दोघं, एकाला घोडा मिळाला, एकाला नाही. मी वाचत सुटले. बाहेर रस्त्यावरून हळदीच्या पोत्यांच्या गाड्या मोंढ्याच्या बाजाराकडं जात राहायच्या आणि मला चहाची वेळ झाल्याचं कळायचं नाही.

एक दिवस मामा लवकर उठले. मी पलंगाच्या कडेला बसून दुसरा खंड मांडीवर घेऊन वाचत होते. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, वास घेतला आणि म्हणाले, "फोडणीचा वास येऊन राहिला पानांना." संध्याकाळी कपाटाला पितळी कुलूप लागलं. किल्ली त्यांच्या जानव्याला असायची.

माझे यजमान एसटीच्या डेपोत कारकून होते. स्वभावानं गरीब, बापापुढं तर तोंडातून शब्द फुटायचा नाही. पण मी एम. ए. करू का विचारलं तेव्हा म्हणाले, "कर. पास आहेच आपल्याकडं." एसटीवाल्यांच्या घरच्यांना प्रवासाचा पास मिळतो. त्या पासावर मी नांदेडला जायची आणि विद्यापीठाच्या वाचनालयात दिवसभर बसायची. भाषेच्या इतिहासाचा पेपर ऐच्छिक होता, बहुतेक जण तो टाळायचे. मी तोच घेतला. मामांना कळलं तेव्हा त्यांनी जेवता जेवता फक्त विचारलं, "माझ्याशी बराबरी करायची हाय का?" मी ताटात आमटी वाढली.

एम. ए. झाले. सेनगावकडच्या पुसेगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजीची जागा निघाली. मुलाखतीला गेले तर संस्थेचे सचिव माझ्याकडं बघेनात. शेवटी खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "मॅडम, तुमचे सासरे काल येऊन गेले. माझे गुरुजी आहेत ते. म्हणत होते, सुनेच्या डोक्यावर परिणाम झालाय, रात्रंदिवस परक्या भाषांतले शब्द बडबडत असते. आम्हाला जरा विचार करावा लागेल."

घरी पोचले तेव्हा मामा पेपर वाचत होते. मी चप्पल न काढताच विचारलं, "असं काहून सांगितलं तुमी तिथं?"

"काय खोटं सांगितलं? बडबडत न्हाई का तुमी?"

यजमान आतून आले. त्यांना सगळं कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "बाबा, हे बराबर न्हाई केलं." आणि ड्युटीवर निघून गेले. ते निघून गेले याचा मला त्या वेळी बापाइतकाच त्यांचाही राग आला.

मी त्या दिवशी जेवले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आत्या ताट घेऊन दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी मामा माझ्या खोलीच्या दारात आले. मला वाटलं, दोन शब्द बोलतील. ते म्हणाले, "स्टार्व्ह म्हणजे उपाशी मरणं. पण जर्मनमध्ये श्टेर्बेन म्हणजे नुसतं मरणं, कशानंही. उपाशीपण इंग्रजांनी त्यात मागाहून घातलं. तुमी या दोन्हीपैकी काय करून राहिल्या?"

मी उठले. स्वयंपाकघरात गेले, ताट वाढून घेतलं, बाहेर आणलं आणि त्यांच्या समोर बसून सगळं जेवले. ते बघत होते. पुन्हा भाकरी आणायला उठले तेव्हा त्यांनी पेपर तोंडापुढं धरला.

त्या वर्षी पंचमीला मला माहेरी न्यायला माझे वडील आले. आम्ही आखाडा बाळापूरचे. वडील आजूबाजूच्या आठवडी बाजारांत कापड विकायचे, खण, टॉवेल, लेकरांची झबली. शिक्षण चौथीपर्यंत. आयुष्यभर जमिनीवर मांडी घालून गिऱ्हाईक केलेलं, त्यामुळं खुर्चीवर बसायची सवय नव्हती; व्याह्यांच्या घरी तर ते अगदी कडेला टेकायचे. आत्यांसाठी एक लुगडं आणि घरच्या लाह्यांची पिशवी घेऊन आले होते. मी चहा दिला.

मामांनी पिशवीकडं पाहिलं, वडिलांकडं पाहिलं आणि हसून इंग्रजीत बोलले. शब्द असे होते की पाहुणा आणि शत्रू हे मुळात एकच आहेत, आपल्या पूर्वजांना फार आधी हे कळलेलं होतं. सूर असा, की जणू पावसापाण्याची चौकशी करतायत.

वडील हसले. मान हलवून म्हणाले, "व्हय व्हय, बराबर हाय."

मी आयुष्यात पुष्कळ काही गिळलं आहे. ते मात्र गिळता येईना. मी ट्रे खाली ठेवला.

"आप्पा, मामा काय म्हणाले ते कळलं का?"

"न्हाई बाई. इंग्रजी मला कुठून येती."

"ते म्हणाले, पाहुणा आणि दुश्मन एकच."

वडिलांनी कप फरशीवर ठेवला. मग मामांकडं बघून अगदी हळू म्हणाले, "मी लेकीला न्यायला आलो होतो. दुश्मनी कराया न्हाई आलो."

"शब्दाचा इतिहास सांगत होतो," मामा म्हणाले. "तुमच्या लेकीला आवड हाय म्हणून."

"मग पुरता सांगा," मी म्हणाले. "अर्धाच काहून सांगता? मूळ शब्दाचा अर्थ दुश्मन नव्हता. परका, बाहेरून आलेला, एवढाच होता. त्याचं जर्मनमध्ये गास्ट झालं, इंग्रजीत गेस्ट, रशियनमध्ये गोस्त. तिन्हीकडं अर्थ पाहुणा. लॅटिनमध्ये होस्तिस झालं, आणि एकट्या रोमन लोकांनी त्याचा दुश्मन केला. बाकी सगळ्यांनी पाहुण्याला पाहुणाच ठेवलं. तुमी रोमन निघालात, मामा."

आत्या दारातून बघत होत्या. मामा उठून उभे राहिले, त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "माझ्या घरात उभं राहून मला शिकवतेस?"

ते मला तुम्ही म्हणायचे, अगदी टोचून बोलतानाही. त्या दिवशी पहिल्यांदा तू म्हणाले. मी आत जाऊन पिशवी भरली आणि वडिलांबरोबर निघाले. बस सुटल्यावर वडिलांनी विचारलं, "जावईबापूंना सांगितलं का?" मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "सांगायला पाहिजे होतं," आणि मग बाळापूर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले. व्याह्याच्या बोलण्यापेक्षा माझ्या बोलण्याचा त्यांना जास्त त्रास झाला असावा. लेकीचा संसार मोडला असंच त्यांना वाटत होतं.

पंचमी झाली, पोळा झाला, यजमानांचा पत्ता नव्हता. मीही मनात त्यांच्यावर फुली मारली होती. मग एका रविवारी ते बाळापूरला आले. अंगणात उभे राहूनच म्हणाले, "हिंगोलीतच, स्टेशनच्या बाजूला दोन खोल्या बघितल्यात. नळ आहे."

मी विचारलं, "मामांना काय सांगितलं?"

"काही न्हाई. मी बोललोच न्हाई काही. खोल्या बघितल्या."

एवढ्यावर मी त्यांच्याबरोबर गेले. बापासमोर त्यांच्या तोंडून कधी शब्द निघाला नाही, पण खोल्यांचं भाडं त्यांनी दर महिन्याला वेळेवर दिलं.

पुढं कळमनुरी तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मला नोकरी लागली. तिथल्या सचिवांचा आणि मामांचा काही संबंध नव्हता, म्हणून लागली. वर्गात बहुतेक पोरं खेड्यांतून, तांड्यांवरून, काही मुसलमान विणकरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरांतून येणारी. इंग्रजीला सगळीच घाबरलेली. मी त्यांना मदर, मुटर, मातेर आणि माता एका ओळीत लिहून दाखवायची. ब्रदर, ब्रुडर, ब्रात आणि भ्राता. पोरं आधी बघत राहायची, मग कुणीतरी विचारायचं, "मॅडम, म्हणजे हे आपलंच हाय का?" हळूहळू भीती जायची. मामांनी हेच केलं असतं तर हिंगोलीत त्यांच्या नावानं लोकांनी हात जोडले असते, असं मला वर्गात उभं राहून पुन्हा पुन्हा वाटायचं आणि डोकं तापायचं.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. हिंगोली आता जिल्हा झाला होता आणि तिथं इंग्रजीच्या शिक्षकांचं शिबिर भरलं. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून मामांना बोलावलेलं. मी सातव्या-आठव्या रांगेत बसले होते. त्यांनी मला पाहिलं की नाही कोण जाणे. वय झालं होतं, पण आवाज तसाच. बोलता बोलता त्यांनी सिन्सिअर हा शब्द घेतला. म्हणाले, रोममधले लबाड मूर्तिकार दगडाच्या भेगा मेणानं बुजवायचे. जो प्रामाणिक, तो आपल्या मूर्तीवर लिहायचा, सिने सेरा, बिनमेणाची. त्यावरून सिन्सिअर. "शिक्षक असा पाहिजे. बिनमेणाचा." टाळ्या झाल्या.

प्रश्न विचारा म्हणाले तशी मी उठले. 

"सर, ही मेणाची गोष्ट मागाहून रचलेली आहे. सिन्सेरुस म्हणजे निर्मळ. त्यातला पहिला भाग बहुतेक एक या अर्थाचा आहे, आपल्या सम शब्दाच्या नात्यातला, आणि दुसरा वाढण्याच्या अर्थाचा. एकाच वाणाचं, भेसळ नसलेलं. मेणाचा संबंध जाणकार मानत नाहीत."

माझं सर म्हणणं त्यांना आधी कळलं, मग मी कोण ते कळलं. "बसा," ते म्हणाले. मग सभेकडं वळून, "ही आमची सून. घर सोडून गेलेली. भर सभेत सासऱ्याचा पाणउतारा करायला आली."

माना माझ्याकडं वळल्या. मी बसले नाही. "मी फक्त शब्दाबद्दल बोलले, सर."

"माझ्या कोशात मेणच लिहिलंय."

"न्हाई लिहिलं. तुमी कुलूप लावायच्या आधी मी ते पान वाचलंय."

व्यासपीठावरच्या अध्यक्षांनी घाईघाईनं आभार मानायला सांगितले. चहाच्या वेळी माझ्याशी कुणी बोललं नाही. एक तरुण शिक्षिका तेवढी जवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं बरोबर असेल, पण म्हाताऱ्या माणसाला असं बोलू नये." मी तिला विचारलं, "आणि म्हाताऱ्या माणसानं काय करू नये?" ती कप घेऊन दुसरीकडं गेली.

त्यानंतर नात्यातले सगळे त्यांच्या बाजूचे झाले. नणंदेनं मुलीच्या लग्नाची पत्रिका यजमानांच्या एकट्याच्या नावानं पाठवली. ते गेले नाहीत. आत्या मात्र भाजीच्या निमित्तानं बाहेर पडून आमच्याकडं यायच्या, तोवर आम्हाला झालेल्या मुलीला मांडीवर घेऊन बसायच्या आणि अंधार पडायच्या आत निघायच्या. मामांबद्दल त्या एक अक्षर काढायच्या नाहीत, मीही विचारायची नाही.

मामा एका सकाळी आंघोळीहून आले, खुर्चीत बसले आणि गेले. कसलीच तकलीफ झाली नाही, सगळे म्हणाले भाग्यवान. मी गेले, दिवसकार्य होईपर्यंत त्या घरात राहिले, आल्यागेल्याला चहा दिला. त्यांचे विद्यार्थी लांबून लांबून आले, मोठमोठ्या हुद्द्यांवरचे. प्रत्येकाला एखादा शब्द आठवत होता, मामांनी वर्गात उभं करून विचारलेला आणि आला नाही म्हणून हसं केलेलं. आता ते तो कौतुकानं सांगत होते. कोश आणि बाकीची पुस्तकं धाकटे दीर पुण्याला घेऊन गेले. मी मागितली नाहीत.

हायस्कुलात शोकसभा ठेवली होती. जुन्या विद्यार्थ्यांपैकी एक जण मला बोलवायला आला. म्हणाला, "वहिनी, त्यांचा वारसा तुम्हीच चालवताय. चार शब्द बोला."

मी म्हणाले, "मला बोलायचं न्हाई."

"चांगलंच बोलायचं असतं अशा वेळी."

"म्हणूनच."

तो निघून गेला. मला जे येतं त्यातलं पुष्कळ मी त्या माणसामुळं शिकले, हे खरं आहे. त्यानं ते मला छळायला वापरलं, हेही खरं आहे. पहिलं सांगून दुसरं लपवायचं, हे मला सभेत जमलं नसतं, आणि दुसरं ऐकायला कुणी आलेलं नव्हतं. सभा चालू होती तेव्हा मी मागच्या अंगणात भांडी घासत होते. हायस्कूल मागच्याच गल्लीत, माइकचा आवाज तिथपर्यंत येत होता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. रिक्षात सामान ठेवत होते, तर आत्या कपड्यांची पिशवी घेऊन दारात आल्या.

"मला तुमच्याकडं यायचंय," त्या म्हणाल्या. यजमानांनी माझ्याकडं पाहिलं. मी आत्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि त्यांना बसायला जागा करून दिली.